डी-थ्रीच्या पुडीवर शेवटची तारीख लिहा

रक्ताच्या रिपोर्टात जी ओळ ठळक छापलेली असते तीच लोक वाचतात. सवलतीतल्या ‘फुल बॉडी चेकअप’ची पंधरा-वीस पानं मोबाइलवर येऊन पडतात, त्यातली जाड किंवा लाल अक्षरं शोधली जातात, आणि ती हमखास ‘व्हिटॅमिन डी’च्या पुढे सापडतात. १४, ११, कधी तर ८. मग माणूस धास्तावून काउंटरवर येतो. “मॅडम, डी-थ्री फारच कमी आलंय. ती दुधातून घ्यायची पावडर द्या ना.”

मी फार्मासिस्ट. आकुर्डीत आमचं औषधांचं दुकान आहे. पूर्वी सासरे बसायचे, आता मी बसते. येणारे बहुतेक कारखान्यांतले शिफ्टवाले, हिंजवडीला कंपनीच्या बसने जाणारी मुलं-मुली आणि त्यांचे निवृत्त आईवडील. सासऱ्यांच्या काळात डी-थ्री म्हणजे बाळांचे थेंब आणि कॅल्शियमच्या गोळीत असेल तेवढंच. आता साठ हजार युनिटांच्या पुड्या, कॅप्सूल, छोट्या बाटल्या, शुगर-फ्री, अमुक चवीचं, तमुक चवीचं, असा अख्खा कप्पा लागतो. तो भराभर रिकामा होतो. यातल्या किती जणांना याची खरोखर गरज असते, हा प्रश्न मला हल्ली सतावतो. वजन जास्त असलेल्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत तर फारच.

कारण त्यांच्या रिपोर्टात बाकीही बरंच काही असतं. परवा आलेले एक गृहस्थ, चाळिशी ओलांडलेले, शर्टाची शेवटची दोन बटणं ताणलेली. डी १२ आलं म्हणून हवालदिल. मी पानं मागे सरकवली. उपाशीपोटीची साखर ११४, ट्रायग्लिसराइड २४०, चांगलं कोलेस्टेरॉल ३४. रक्तदाबाची गोळी आधीपासून चालूच. वैद्यकशास्त्रात ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात त्याच्या पाच खुणा आहेत: कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि चांगलं कोलेस्टेरॉल. पाचांपैकी तीन बिघडल्या की निदान झालं. या गृहस्थांच्या पाचही बिघडलेल्या होत्या. ते म्हणाले, “ते ठीक आहे हो, शुगर बॉर्डरवर आहे. डी वाढलं की होईल ना खाली? व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.”

व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं ते अगदीच हवेतलं नव्हतं, हीच यातली अडचण आहे. ज्यांचं डी कमी त्यांच्यात लठ्ठपणा जास्त, मधुमेह जास्त, फॅटी लिव्हर जास्त, हे खरंच आहे. असंख्य अभ्यासांत ते दिसलंय. पण एकत्र आढळणाऱ्या दोन गोष्टींत आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे विचारायचं राहून गेलं आणि पुड्यांचा कप्पा वाढत गेला. माझं मत सरळ आहे. पोट सुटलेल्या माणसाच्या रक्तात डी कमी दिसणं हा बहुतांशी त्या चरबीचा परिणाम आहे. पुडीने आकडा वर जातो. पोट, साखर आणि ट्रायग्लिसराइड आपापल्या जागी राहतात.

ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. उन्हामुळे त्वचेत तयार झालेलं असो की पुडीतून पोटात गेलेलं, रक्तातून फिरता फिरता ते चरबीत जाऊन मुरतं. चिमूटभर मीठ तांब्याभर पाण्यात घातलं आणि तेवढंच हंडाभर पाण्यात घातलं, तर हंड्यातलं पाणी कमी खारट लागणारच. लठ्ठ शरीरात डीचं साधारण हेच होतं. शिवाय लॅब जो पदार्थ मोजते तो यकृतात तयार होतो, आणि ते काम करणारं एन्झाइम लठ्ठपणात मंदावतं असंही अलीकडच्या संशोधनात आढळलंय.

जेकोबो वर्ट्समन, मायकेल होलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला होता. लठ्ठ आणि सडपातळ माणसांच्या अंगावर त्यांनी सारखेच अतिनील किरण सोडले. डी बनवण्यासाठी त्वचेत जो कच्चा माल लागतो तो दोघांकडे सारखाच होता. तरीही नंतर रक्तात जी वाढ दिसली ती लठ्ठ माणसांत ५७ टक्क्यांनी कमी होती. मला हा प्रयोग आवडतो, कारण जाड माणसाला ऊठसूट ऐकावं लागणारं “घरात बसून राहता, उन्हात जात नाही, म्हणून कमी” हे वाक्य त्याने अर्ध्याहून अधिक खोटं ठरवलं. उन्हात गेला तरी त्याच्या रिपोर्टात कमीच दिसेल.

कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे सोडवायला २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी आणखी वेगळी वाट धरली. जन्मतःच काहींना वजन वाढवणारी जनुकं मिळतात, काहींना डी कमी ठेवणारी. कोणाला काय मिळेल हे नशिबावर, म्हणजे निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्यासारखं. ४२ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यांनी तपासली. वजन वाढवणारी जनुकं असलेल्यांचं डी खाली होतं. बॉडी मास इंडेक्स १० टक्के वाढला की डी सुमारे ४ टक्क्यांनी घसरतं असा हिशेब निघाला. उलट, डी कमी ठेवणारी जनुकं असलेल्यांचं वजन मात्र जास्त नव्हतं. म्हणजे वाट एकाच दिशेची. डी कमी म्हणून माणूस जाड होत नाही.

मग पुडी घेऊन वजन उतरेल का? अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या २१८ बायकांवर हे करून पाहिलं गेलं. सगळ्यांना आहार आणि व्यायाम सारखाच. अर्ध्या जणींना रोज २,००० युनिट डी, अर्ध्या जणींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. वर्षाने डीवाल्या सरासरी ७.१ किलोंनी उतरल्या, पोकळ गोळीवाल्या ७.४ किलोंनी. त्याच शहरातल्या आधीच्या एका अभ्यासात उलटी बाजू दिसली होती. ज्या बायकांनी १५ टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं त्यांचं डी सरासरी साडेसात-पावणेआठ अंकांनी वर गेलं. चरबी उतरली की आकडा वर सरकतो. हे आमच्या काउंटरवर कोणी विचारत नाही आणि विचारलं तरी मला काही विकता येत नाही.

आता साखरेचं. यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, डी-टू-डी नावाची, २०१९ साली प्रसिद्ध झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली २,४२३ माणसं, सरासरीने लठ्ठपणातच मोडणारी. अर्ध्यांना रोज ४,००० युनिट डी. साधारण अडीच वर्षांनी डी घेणाऱ्या १,२११ जणांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला होता, न घेणाऱ्या १,२१२ जणांपैकी ३२३ जणांना. फरक आहे, पण तो योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. त्यातही बारकाईने पाहिलं तर जो काही फायदा होता तो सडपातळांकडे झुकलेला. बॉडी मास इंडेक्स ३० च्या वर असलेल्यांत जवळजवळ शून्य. ज्यांना आपण सगळ्यात जास्त पुड्या देतो त्यांनाच सगळ्यात कमी उपयोग.

पुढे २०२३ मध्ये अशा तीन चाचण्या एकत्र मोजल्या, तेव्हा उंबरठ्यावरच्या माणसांत मधुमेहाचा धोका १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. तेवढ्यावरून अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या शिफारशींत साखर उंबरठ्यावर असलेल्यांना डी द्यायला हरकत नाही असं म्हटलं, पण आहार-व्यायामाच्या जोडीने. हे मी लपवत नाही. पण त्याच शिफारशींत निरोगी प्रौढांची, आणि केवळ लठ्ठ आहे म्हणून एखाद्याचीही, डीची सरसकट तपासणी करू नये असंही म्हटलंय. हे वाक्य मात्र पॅकेज विकणाऱ्यांच्या जाहिरातीत कुठे दिसत नाही.

आणि १५ टक्के म्हणजे किती, हे कळायला आपल्याकडचाच अभ्यास बघू. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी साखर उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांना घेऊन २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोही साधारण अडीच वर्षांचाच. एका गटाला रोज अर्धा तास भरभर चालणं, साखर आणि तेलतूप कमी, भाज्या-कडधान्यं जास्त, एवढंच सांगितलं आणि त्यांचा पाठपुरावा केला. त्यांच्यात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. काट्यावर फरक दिसत नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ही गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या अशाच मोठ्या अभ्यासात, जिथे लोकांनी वजनही उतरवलं, हा आकडा ५८ टक्क्यांपर्यंत गेला होता.

हृदयविकार आणि कर्करोगाबद्दल फार लिहीत नाही. २५,८७१ जणांना घेऊन रोज २,००० युनिटांची ‘व्हायटल’ ही चाचणी झाली, दोन्हींत घट दिसली नाही. विषय तिथेच संपायला हवा होता.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. “मी कुठे जाड आहे?” असं विचारणारा माणूस खरोखरच जाड दिसत नाही. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, आणि शर्टाखाली गोल पोट. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘वाय-वाय’ विरोधाभास असं नाव पडलं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर याज्ञिकांच्या गटाने वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की आपली बाळं वजनाला हलकी जन्मतात, तेव्हाही अंगातली चरबी मात्र राखून असतात.

म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८०, त्यापुढे धोका. २०२३ साली आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत जवळजवळ ४० टक्के प्रौढांचं पोट या मापापलीकडे गेलेलं आढळलं. मधुमेही १० कोटींहून जास्त आणि उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. शिंप्याचा टेप किती रुपयांना मिळतो? डीची तपासणी पॅकेजबाहेर केली तर हजार-दीड हजाराच्या घरात जाते. मी दुकानात एक टेप ठेवलाय. पुरुष पॅन्टच्या मापाचा आकडा सांगतात आणि खरं माप बेंबीच्या पातळीवर निघालं की चेहरा पाडतात. पॅन्ट पोटाखाली सरकलेली असते ना, तिचं माप कसं वाढणार!

याचा अर्थ डी कोणालाच देऊ नये असं मी म्हणत नाही. हाडांसाठी ते लागतंच. मांड्या, कंबर, नडग्या आतून ठणकणं, खाली बसलं की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता न येणं, जिना चढताना पाय न उचलणं, अशा तक्रारी असतील तर तपासणी हवीच आणि उपचारही. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना तर कायम घ्यावं लागतं. त्यांच्या आतड्यातून ते नीट शोषलंच जात नाही. फिट येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर बायका, फार म्हातारी माणसं यांचा विचार डॉक्टर वेगळा करतात. आणि यांच्यातलं कोणी लठ्ठ असेल तर त्याला नेहमीचा डोस अपुरा पडतो. एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ च्या शिफारशींत लठ्ठ माणसांना दुप्पट-तिप्पट द्यावं असं म्हटलं होतं. गंमत अशी की ज्याला गरज नाही तो महिनोन् महिने पुड्या घेत राहतो, आणि ज्या शंभर किलोंच्या बाईची हाडं खरंच दुखताहेत तिला सडपातळ बाईएवढाच डोस लिहिलेला असतो. चार आठवड्यांनी ती म्हणते, “काही फरक नाही हो ताई,” आणि सोडून देते.

घेण्याची पद्धत तर विचारूच नका. सकाळी उपाशीपोटी, पाण्यात, किंवा वजन कमी करायचंय म्हणून मलई काढलेल्या दुधात. चरबीत विरघळणारी गोष्ट चरबीशिवाय घेतली तर तिचं शोषण घटतं. बोस्टनला एका प्रयोगात एकदाच मोठा डोस दिला, तेव्हा स्निग्ध जेवणाबरोबर घेणाऱ्यांच्या रक्तात डीची सर्वाधिक पातळी बिनस्निग्ध जेवणवाल्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त गेली. दुपारच्या जेवणानंतर घ्या, वरणभातावर तूप असतं तेवढं पुरे. मसाल्याचं दूध नको.

मला जास्त भीती दुसऱ्या टोकाची वाटते. साठ हजार युनिट म्हणजे अवघं दीड मिलिग्रॅम, पण निरोगी प्रौढाची रोजची गरज ६०० युनिटांची, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा ऐवज. ती आठवड्यातून एकदा, आठ ते बारा आठवडे, अशी लिहिली जाते. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एक’ हे कधी इतकं घाईत खरडलेलं असतं की घरचे ते ‘रोज एक’ वाचतात. एका आजोबांना तशी रोज दिली जात होती. बद्धकोष्ठ, सारखी तहान, मळमळ, बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं वयामुळे. रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं. आणि डी चरबीत साठत असल्यामुळे, पुड्या बंद केल्या तरी परिणाम लगेच ओसरत नाही. आठवडे, महिने जातात. ज्याच्या अंगात चरबी जास्त त्याचा साठाही मोठा.

हे टोकाचं झालं. पण मधलंही काही निर्धोक नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला सत्तरी ओलांडलेल्या, पूर्वी कधीतरी पडलेल्या २०० जणांना डी देऊन पाहिलं. महिन्याला २४ हजार युनिट घेणाऱ्यांतले ४८ टक्के वर्षभरात पडले, महिन्याला ६० हजार घेणाऱ्यांतले ६७ टक्के. महिन्याला एक पुडी, हाच तो डोस जो आपल्याकडे “घेतलेलं बरं” म्हणून दहा-दहा वर्षं चालतो. हाडं मजबूत व्हावीत म्हणून घ्यायचं आणि पडायचं, हा काय व्यवहार झाला?

उन्हाबद्दल थोडं. आपल्याकडे आजीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे ‘कोवळं ऊन’ खायला सांगतात. बाळाला न्हाऊ-माखू घालून कोवळ्या उन्हात धरायचं, म्हाताऱ्यांनी सकाळी सातला बाकावर बसायचं. त्यात आनंद आहे, गप्पा आहेत, त्याला माझा विरोध नाही. पण डी तयार करणारे किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातच गाळले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा ते अंगापर्यंत पोचतात, म्हणजे साधारण दहा ते तीन. त्या वेळी आमची गिऱ्हाइकं शेडमध्ये, एसी ऑफिसात किंवा रात्रपाळी करून पडदे ओढून झोपलेली. काचेतून ते किरण येत नाहीत, त्यामुळे बसच्या खिडकीतलं ऊन नुसतं तापवतं. जेवणाच्या सुट्टीत बाही वर सारून वीस मिनिटं चाललात तर डीचं थोडंफार होईल आणि साखरेचं नक्की होईल. एका दगडात इतके पक्षी दुसऱ्या कशाने मरत नाहीत, आणि याला चिठ्ठी लागत नाही.

खाण्यातून फारसं मिळत नाही. बांगडा, तारली खाणाऱ्यांना थोडं, अंड्याच्या बलकात थोडं. पिशवीवर ‘+एफ’ची निळी खूण असलेल्या दुधात एका लिटरला २०० ते ३०० युनिट घातलेले असतात; म्हणजे एका पेल्याने चाळीस-साठ. चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यासाठी साखर घालून तीन पेले पिऊ नका.

मग माणसं पुडीच का मागतात? कारण बाकी सगळं अवघड आहे, आणि हे मी काउंटरच्या या बाजूने नीट बघते. तिन्ही पाळ्यांत फिरणाऱ्या माणसाला सात तासांची झोप सांगणं सोपं. कँटीनमध्ये मिळतं ते खायचं, सोसायटीत चालायला जागा नाही, रस्त्यावर फुटपाथ नाही, डॉक्टरांकडे पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत डॉक्टर चालण्याबद्दल बोलले तर रुग्णाला वाटतं काहीच दिलं नाही. पुडी लिहिली की काहीतरी झालं. रुग्णाला बरं वाटतं, डॉक्टर सुटतात, माझा गल्ला वाजतो, लॅबला तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी मिळते. आकडा ३२ आला की घरात आनंद. चौथ्या पानावरची साखर ११४ ची ११९ झालेली असते, पण ती ओळ पातळ अक्षरात.

रिपोर्टात ३० च्या खालचं डी कमी धरलं जातं; त्या ३० च्या रेषेचंही एकदा बोललं पाहिजे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हाडांसाठी २० पुरे असं म्हटलं होतं. २०११ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने ३० ची रेषा धरली, आणि २०२४ मध्ये त्याच संस्थेने ती सोडून दिली. आपल्या लॅबच्या छापील तक्त्यांत मात्र २० ते ३० अजूनही ‘अपुरं’ म्हणूनच येतं, ठळक अक्षरात. निम्मा महाराष्ट्र त्या एका रेषेमुळे आजारी ठरत असेल तर रेषा छापणाऱ्यांनी तिच्याकडे पुन्हा बघायला नको का?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. लॅबवाल्यांनी डीची तपासणी चेकअपच्या पॅकेजातून काढावी; डॉक्टरांनी लिहिली तर करावी. काढायची नसेल तर निदान कंबर मोजून रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापावी, आणि ठळक अक्षरं पाचही खुणांना सारखी द्यावीत. डॉक्टरांनी पुडी लिहिताना कशासाठी आणि कधीपर्यंत हे लिहावं, आणि ‘आठवड्यातून एकदा, रविवारी’ असं वाराचं नाव घालून मराठीत लिहावं. लठ्ठ रुग्णाला खरोखर गरज असेल तर त्याच्या अंगाला पुरेल इतकं लिहावं आणि मग त्याचं कॅल्शियमही बघावं. आणि आम्ही औषधवाल्यांनी दीड वर्षापूर्वीच्या, घडीवर फाटलेल्या चिठ्ठीवर नवी पुडी देणं बंद करावं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण ते आमच्या हातात आहे.

मी पुड्या देताना पाकिटावर पेनने दोन तारखा लिहिते, पहिली कधी आणि शेवटची कधी. काहींना ते आवडतं. काही चिडतात; “तुम्ही काय डॉक्टर आहात का?” असं विचारतात आणि समोरच्या दुकानात जातात. तिथे तारीख लिहून देत नाहीत, वर दोन घेतल्या तर सूट मिळते.